पक्षी, गड आणि रानफुलं : दोन लाखांत कॅमेरा आणि लॅपटॉप कोणता घ्यावा?

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. गरज आधी नीट लिहितो, म्हणजे सल्ला नेमका मिळेल.

हिवाळ्यात महिन्यातून दोन-तीन रविवार पक्ष्यांसाठी नांदूर मध्यमेश्वर. पावसाळ्यात नाशिकजवळचे गड : हरिहर, अंजनेरी, ब्रह्मगिरी. त्यात अंजनेरीच्या पठारावरची फुलं जवळून टिपायची आहेत. वर्षातून एकदा दहा-बारा दिवसांची लांबची सहल, यंदा लेह. फोटो स्वतः प्रोसेस करायचे, व्हिडिओ थोडाफार.

बजेट एकूण दोन लाख, लॅपटॉप धरून. दुकानात "ऑफर चालू आहे, लॅपटॉप आधी उचला" असं सांगताहेत आणि ग्राफिक कार्डाचा १६ इंची दाखवताहेत. कॅमेऱ्यात निकॉन पी९५०, कॅनन आर५० आणि सोनी ए६४०० ही नावं पुढे आली आहेत. सुरुवात कुठून करू?

पाणकावळा

लॅपटॉपपासून तर मुळीच नको. क्रम उलटा आहे. काय टिपायचं त्यावरून लेन्स ठरते, लेन्सवरून बॉडी (म्हणजे लेन्सविना कॅमेरा), बॉडीवरून फाइल किती मोठी ते ठरतं, आणि त्या फायली उघडायला कोणता लॅपटॉप पुरेल हा शेवटचा प्रश्न. लॅपटॉप आधी घेतला की उरलेल्या पैशांत लेन्स बसवावी लागते, आणि कात्री नेमकी तिथेच लागते जिथे लागायला नको.

तुमची सगळ्यात कठीण गरज नांदूर मध्यमेश्वर आहे. अभयारण्य आहे, रामसर यादीतही (जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या) आहे. पाण्यात किंवा चिखलात उतरून पक्ष्याजवळ जायचं नसतं. बांधावरून नाहीतर चापडगावच्या बाजूच्या मनोऱ्यांवरून बघायचं, म्हणजे अंतर तुमच्या हातात नाही. मग हिशोब सोपा आहे:

दृश्याची रुंदी = सेन्सरची रुंदी ÷ फोकल लेंग्थ × अंतर

कॅननचा एपीएस-सी (मध्यम आकाराचा) सेन्सर २२.३ मिमी रुंद. ४०० मिमी लेन्स, पक्षी १०० मीटरवर. २२.३ ÷ ४०० × १०० = साधारण ५.६ मीटर. म्हणजे फोटोच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत साडेपाच मीटर पाणी बसलं. २४ मेगापिक्सेलची फाइल ६००० पिक्सेल रुंद, म्हणजे मीटरला सुमारे १०७० पिक्सेल. चक्रवाक ६०-६५ सेंटिमीटरचा, त्याला मिळाले ६५०-७०० पिक्सेल. क्रॉप करून ओळख पक्की होते, फोनवर पाहायला फोटोही चांगला दिसतो. मोठी छापील प्रत मात्र निघणार नाही.

हाच पक्षी १८-१५० लेन्सने १५० मिमीला घेतला तर जेमतेम २६० पिक्सेल. तो फोटो नाही, नोंद आहे. म्हणून तुमच्यासाठी ४०० मिमी ही किमान पायरी. बाकी सगळं त्यानंतर.

सह्यवाट

पाणकावळ्यांशी सहमत, फक्त एक अट जोडतो. वजन. हरिहरच्या कातळपायऱ्या इतक्या खड्या आहेत की दोन्ही हात बाजूच्या खोबण्यांत लागतात. तिथे गळ्यात लोंबणारा कॅमेरा कातळावर आपटतो आणि तोलही घालवतो. कॅमेरा सॅकच्या आत, चेन लावून. वर माकडं आहेत, हातातली पिशवी ती ओढतात, हेही धरून चला.

ट्रेकला कॅमेरा, लेन्स, दोन बॅटऱ्या आणि पावसाची झूल मिळून दीड किलोच्या आत बसवा. त्यापुढे गेलं की पाणी कमी घ्यायचा मोह होतो, आणि तो वाईट. १८०-६०० किंवा २००-६०० जातीच्या लेन्स एकट्याच दोन किलोंच्या आसपास असतात. नांदूरच्या बांधावर मोनोपॉड किंवा बीन बॅगवर ठेवून त्या सुरेख चालतात, गडावर नाही.

झूमवाला

मग पी९५० काय वाईट? २४ ते २००० मिमीची पोच (फुल-फ्रेम, म्हणजे जुन्या ३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरच्या हिशोबात), लेन्स बदलायची कटकट नाही, रॉ फाइलही (प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) मिळते. एकाच वस्तूत पक्षी, चंद्र, देऊळ, सगळं. नवशिक्याला उगाच बॉडी-लेन्सच्या खर्चात ढकलू नका.

पाणकावळा

झूमवाला, पोच खरी आहे. बसलेला पक्षी, भर उन्हात, पन्नास-साठ मीटरवर असेल तर पी९५० हेवा वाटावा असा फोटो देतो. पण तीन गोष्टी बघा.

पहिली, सेन्सर. १/२.३ इंची, म्हणजे साधारण ६.२ × ४.६ मिमी. एपीएस-सीचं क्षेत्रफळ याच्या बारा-तेरा पट. पक्षी हालचाल करतात ती पहाटे, आणि तेव्हाच हा सेन्सर दाणेदार होतो.

दुसरी, उडता पक्षी. फोकस पक्ष्याच्या मागे धावत राहायला हवा आणि डोळा ओळखायला हवा. पी९५० चं फोकस त्या कामाचं नाही. बदकांचा थवा उठला की हाती पाणी आणि आकाश लागतं.

तिसरी, हवा. नऊ-साडेनऊनंतर ऊन चढलं की पाण्यावरची हवा थरथरू लागते. २००० मिमीला पक्षी मोठा दिसतो, पण पिसांच्या जागी लाटा दिसतात. ही लेन्सची चूक नाही, दीड लाखाची लेन्सही तेच दाखवेल. त्यामुळे २०० मीटरवरचा पक्षी २००० मिमीने ओढण्यापेक्षा सात वाजता ६० मीटरवरचा पक्षी ४०० मिमीने टिपलेला बरा.

आणि वजनाचा फायदा म्हणाल तर तोही नाही. पी९५० चं वजन १००५ ग्रॅम. कॅनन आर५० (३७५) आणि आरएफ १००-४०० (६३५) मिळून १०१० ग्रॅम.

झूमवाला

वजनाचं गणित माहीत नव्हतं. मागे घेतो. फक्त पक्ष्यांची यादी ठेवायची आणि ओळखीपुरता फोटो हवा, अशांसाठी मात्र माझं मत कायम.

भिंगकार

आता बॉडीकडे. या बजेटमध्ये लेन्सवरून बॉडी निवडायची म्हटलं तर चित्र असं दिसतं.

कॅनन : आरएफ १००-४०० एफ/५.६-८. एपीएस-सीवर दृश्यकोन फुल-फ्रेमवरच्या ६४० मिमीसारखा. हलकी, हाताची थरथर सावरणारं स्थिरीकरण लेन्समध्येच. उणीव म्हणजे ४०० ला एफ/८ (छिद्र लहान, आत प्रकाश कमी), आणि पावसाच्या पाण्यापासून संरक्षण नाही. बॉडी आर५० किंवा आर१०. दोन्हीत पक्ष्याचा डोळा ओळखणारं फोकस आहे, दोन्ही २४ मेगापिक्सेल. आर१० ला दोन डायल आणि फोकसबिंदू हलवायची जॉयस्टिक आहे, यांत्रिक शटरवर सेकंदाला १५ फोटो आहेत. आर५० ला एकच डायल, आणि रॉमध्ये सलग फोटो घेतले की बफर (फोटो कार्डावर जाईपर्यंतची तात्पुरती जागा) फार लवकर भरतो. उडते पक्षी मनावर घेणार असाल तर आर१०.

सोनी : ७०-३५० जी, ६२५ ग्रॅम, दृश्यकोन ५२५ सारखा. लेन्स उत्तम. पण ए६४०० चं प्राण्यांच्या डोळ्याचं फोकस पक्ष्यांसाठी नाही. पक्षी ओळखणारी ए६७०० आहे, बॉडीत स्थिरीकरणही आहे, पण ती घेतली की लॅपटॉपला पैसे उरत नाहीत.

निकॉन : झेड५०-२ ही बॉडी फार चांगली, पक्षी ओळखते. अडचण लेन्सची. हलकी ५०-२५० इथे ३७५ च्या दृश्यकोनावर थांबते आणि त्यापुढच्या लेन्स जड नाहीतर महाग.

एफ/८ बद्दल घाबरवतील, तर आकडे देतो. स्वच्छ उन्हात १/२००० सेकंदाला एफ/८ म्हणजे आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता, वाढली की फोटो दाणेदार) ४०० च्या आसपास. सूर्य नुकताच वर आलाय, १/१००० हवा, तर आयएसओ ३२०० ते ६४००. बसलेल्या पक्ष्याला १/२५० चालतो, तिथे आयएसओ पुन्हा ८०० ते १६०० वर येतो. उडत्याला १/२००० खाली जाऊ नका, पंख पुसट होतात.

आणखी एक. या बॉड्यांमध्ये इलेक्ट्रॉनिक शटरचा वेग जाहिरातीत मोठा दिसतो. पण सेन्सर ओळीओळीने वाचला जातो, त्यामुळे फडफडणारा पंख वाकडा येतो. उडत्या पक्ष्याला यांत्रिक किंवा इलेक्ट्रॉनिक फर्स्ट कर्टन (सुरुवात इलेक्ट्रॉनिक, शेवट यांत्रिक) शटर ठेवा.

सह्यवाट

जुना डीएसएलआर? निकॉन डी५०० आणि २००-५०० लेन्स आता वापरलेल्या बाजारात मिळतो.

भिंगकार

फोटो अजूनही अव्वल. पण ती लेन्स एकटी २.३ किलो आहे, तुमचीच दीड किलोची अट मोडते. फक्त नांदूरसाठी कुणी घेणार असेल तर जरूर. शटरचे आकडे तपासून घ्या (निकॉनच्या मूळ जेपीजीमध्ये ते नोंदलेले असतात, डी५०० चं शटर २ लाखांसाठी मोजलेलं), आणि लेन्समधून मोबाईलच्या टॉर्चचा तिरका झोत टाकून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले की ती बुरशी. परत द्या.

रानफूल

फुलांचा विषय कुणी घेतला नाही म्हणून लिहिते. गोदाकाठ दादा, वेगळी मॅक्रो लेन्स लगेच घेऊ नका. आरएफ १००-४०० चं मोठेपण ०.४१ पट आहे, म्हणजे साडेपाच सेंटिमीटर रुंदीचा भाग पूर्ण फोटोत बसतो. सोनकी, तेरडा, आभाळी यांना तेवढं पुरतं. मीटरभर लांबून टिपता येत असल्याने गुडघे चिखलात टेकवून शेजारची रोपं चिरडण्याची वेळ येत नाही. पठारावर याचं मोल फार आहे.

त्याहून बारीक हवं असेल, समजा कंदीलपुष्पाच्या आतली लव किंवा दवबिंदूमधला किडा, तर रेनॉक्स डीसीआर-२५० हे आठ डायॉप्टरचं चिमट्यासारखं बसणारं भिंग घ्या. ५२ ते ६७ मिमी फिल्टर धाग्यावर बसतं आणि या लेन्सचा धागा ६७ चाच आहे. ते लावलं की फोकस फक्त १२-१३ सेंटिमीटरवर मिळतो, लांबचं काहीच दिसत नाही. हा दोष नाही, भिंगाचा स्वभाव आहे. फोकस हाताने एका जागी ठेवायचा आणि स्वतः एक-दोन मिलिमीटर पुढेमागे झुलायचं, ओळीने आठ-दहा फोटो घ्यायचे. एफ/११ ते एफ/१६, नाहीतर पाकळीची कडा तेवढी स्पष्ट येते. इतक्या बंद छिद्राला प्रकाश कमी पडतो, म्हणून छोटा फ्लॅश आणि त्यापुढे पांढरा फोम. श्रावणात पठारावर वारा थांबतच नाही. फूल हललं की सगळं वाया, म्हणून देठाच्या वाऱ्याच्या बाजूला छत्री धरायला सोबत कुणीतरी हवं.

एक विनंती. अंजनेरीचं कंदीलपुष्प जगात फार थोड्या जागी आहे. फोटो टाकताना जीपीएस काढून टाका, "अमुक टाक्याच्या उजवीकडे" असंही लिहू नका. तीच गोष्ट कड्यावरच्या गिधाडांच्या घरट्यांची.

आडवाट

भर पावसात काय? हे सगळं पाण्यात भिजलं तर दोन लाख गेले.

सह्यवाट

भर पावसात हा कॅमेरा बाहेर काढायचाच नाही. धुक्यात तसंही ४०० मिमीला काही दिसत नाही. जुलैच्या ट्रेकला फोन पुरतो. वेगळं हवंच असेल तर ओएम सिस्टमचा टीजी-७ हा छोटा कॅमेरा आहे. १५ मीटर पाण्यात चालतो, अडीचशे ग्रॅमचा, आणि एका सेंटिमीटरवरून फुलाचा फोटो देतो. सेन्सर लहान आहे, त्यामुळे पक्ष्यांसाठी त्याचा विचार नको.

मोठा कॅमेरा सॅकमध्ये गुंडाळी-तोंडाच्या ड्राय बॅगेत. सॅकच्या रेनकव्हरवर विसंबू नका. पाणी पाठीच्या बाजूने झिरपतं आणि कव्हरच्या तळाशी साचतं.

संगणकमित्र

आता लॅपटॉपवर येऊ. फाइल किती मोठी हे वर ठरलंच. २४ मेगापिक्सेलची रॉ साधारण २५-३० एमबी. रविवारी ८०० फोटो म्हणजे २४ जीबी. काहीच पुसलं नाही तर चाळीस रविवारांत टीबीच्या जवळ. एवढ्या कामाला ग्राफिक कार्डाचा १६ इंची लॅपटॉप लागत नाही.

पैसे या क्रमाने लावा.

पडदा सगळ्यात आधी. स्वस्त लॅपटॉपच्या माहितीपत्रकात "४५% एनटीएससी" लिहिलेलं असतं. म्हणजे एसआरजीबीचे (वेब आणि फोनवरच्या फोटोंचा नेहमीचा रंगसंच) साठ-पासष्ट टक्केच रंग. रोहित पक्ष्याचा गुलाबी त्यावर धुतलेला दिसतो, तुम्ही रंग वाढवता, आणि तोच फोटो चांगल्या फोनवर भडक दिसतो. "१००% एसआरजीबी" हे शब्द असल्याशिवाय घेऊ नका. दुकानदार "आयपीएस आहे ना" म्हणेल. आयपीएस म्हणजे बाजूने बघितल्यावर रंग न बदलणं. रंग किती दाखवतो हा वेगळा मुद्दा. उजेड किमान ३०० निट्स, बाहेर व्हरांड्यात बसून काम करायचं तर ४०० च्या पुढे. ओएलईडीचे रंग देखणे, पण तो पडदा बहुधा चकचकीत असतो आणि खिडकीसमोर स्वतःचाच चेहरा दिसतो.

रॅम १६ जीबी, यात तडजोड नाही. पातळ लॅपटॉपमध्ये ती बोर्डावरच सोल्डर केलेली असते, नंतर वाढत नाही. ८ घेऊन पुढे वाढवू म्हणणाऱ्यांनी रिकामा स्लॉट आहे का ते लेखी विचारावं. एसएसडी ५१२ पुरते, पण एसएसडीसाठी दुसरी एम.२ जागा असेल तर पुढे स्वस्तात वाढते.

प्रोसेसरच्या नावाने फसू नका. एएमडीच्या रायझेन ७००० मालिकेत तिसरा आकडा खरी पिढी (झेन २, ३ की ४) सांगतो. ७५२०यू मध्ये तो २, म्हणजे जुना झेन २. ७७३०यू मध्ये झेन ३. ७८४०यू मध्ये झेन ४. पहिला आकडा सगळ्यांचा ७ च, म्हणून सगळे नवे वाटतात.

ग्राफिक कार्डाचा उपयोग एकाच ठिकाणी जाणवतो : एआय डीनॉइज, म्हणजे फोटोतले दाणे काढणं. अंगच्या ग्राफिक्सवर एका फोटोला मिनिटभर किंवा जास्त लागतो, वेगळ्या कार्डावर काही सेकंद. आठशेतले निवडलेले दहा-पंधरा फोटो असतील तर तेवढा चहा होतो. कार्डाचा लॅपटॉप घेतला की सव्वादोन-अडीच किलो, शिवाय विटेएवढा अडॅप्टर, कारण असा लॅपटॉप टाइप-सीवर पूर्ण ताकदीने चालत नाही.

सॉफ्टवेअरला महिन्याचे पैसे द्यायचे नसतील तर डार्कटेबल किंवा रॉथेरपी, दोन्ही फुकट.

आडवाट

काही लॅपटॉपवर "मिलिटरी ग्रेड" लिहिलेलं असतं. ट्रेकसाठी तेच घ्यावेत ना? पाऊस लागला तरी हरकत नाही.

संगणकमित्र

नाही, इथे मोठी गल्लत होते. मिल-स्टँडर्ड ८१०एच ही चाचण्यांच्या पद्धतींची यादी आहे. कंपनी त्यातल्या कोणत्या चाचण्या करायच्या ते स्वतः निवडते : कंप, उष्णता, आर्द्रता वगैरे. पाण्यापासून संरक्षण हवं तर आयपीचा आकडा बघा, आणि नेहमीच्या लॅपटॉपवर तो नसतो. कीबोर्डवर सांडलेलं पाणी काही वेळ थोपवणं वेगळं, पावसात भिजणं वेगळं.

तसाही लॅपटॉप गडावर न्यायचाच नाही. आणि पायथ्याला बंद गाडीत उन्हात ठेवायचा नाही, बॅटरी फुगते. रविवारच्या फेरीला तो घरी राहिलेला बरा.

पाणकावळा

लेहसाठीही लॅपटॉप न्यायची गरज आहे का ते तपासा. दोन प्रती झाल्या म्हणजे झालं. फोनला कार्ड रीडर आणि बाहेरची एसएसडी हबने जोडली की कॉपी होते.

एसएसडीच, फिरणारी हार्ड डिस्क नको. साध्या हार्ड डिस्कचं हेड हवेच्या पातळ थरावर तरंगतं आणि बहुतेकांची वापराची मर्यादा ३०४८ मीटर, म्हणजे १०,००० फूट असते. लेह साडेतीन हजार मीटरवर. विरळ हवेत हेड तबकडीला घासू शकतं. एसएसडीत हलणारं काही नाही.

कॉपी करताना कट-पेस्ट करू नका. कॉपी, मग फोटोंची संख्या जुळवा, दोन-चार फायली उघडून बघा. दोन ठिकाणी पोचल्याशिवाय कार्ड फॉरमॅट नाही, आणि फॉरमॅट कॅमेऱ्यातच.

विद्युतवाट

विजेचा हिशोब मी देतो.

२०,००० एमएएच पॉवर बँक × ३.७ व्होल्ट = ७४ वॉट-अवर. रूपांतरात घट होऊन हाती येतात साधारण ६०. आर५०/आर१० ची बॅटरी (एलपी-ई१७) ७.५ वॉट-अवरची, म्हणजे कागदावर आठ वेळा, चार्ज होतानाची घट धरून सहा-सात वेळा भरेल. लॅपटॉपची ५०-५५ वॉट-अवर, म्हणजे एकदा, आणि पॉवर बँक रिकामी. दोन्ही कामं एकीवर टाकू नका.

बॉडीत टाइप-सीने चार्ज करताना पीडी (यूएसबी पॉवर डिलिव्हरी) चार्जरच लागतो. जुना फोनचा चार्जर लावून "कॅमेरा बिघडला" म्हणणारे बरेच आहेत. ६५ वॉटचा एक गॅन चार्जर घेतला की लॅपटॉप, फोन, कॅमेरा तिन्ही एकावर भागतात. फक्त लॅपटॉप टाइप-सीने चार्ज होतो ना, हे घेतानाच बघा. काहींचं टाइप-सी फक्त डेटासाठी असतं.

विमानात सुट्या बॅटऱ्या आणि पॉवर बँक हातातल्या बॅगेतच. १०० वॉट-अवरपर्यंत परवानगी लागत नाही. म्हणून २७,००० एमएएचच्या पुढचं घेऊ नका, आणि आकडा पुसलेली पॉवर बँक नेऊ नका, सुरक्षा तपासणीत ठेवून घेतात.

थंडीत बॅटरी अर्ध्यावरही बंद पडते. ती संपलेली नसते, गारठलेली असते. सुटी बॅटरी आतल्या खिशात अंगाशी ठेवा, गार झालेली काढून खिशात घाला, पुन्हा चालते. रात्री पांघरुणात.

आडवाट

पावसाळ्यात घरी ठेवताना तांदळाच्या डब्यात ठेवला तर चालेल का? ओल ओढतो म्हणतात.

भिंगकार

तांदूळ नको. ओल फार थोडी ओढतो आणि त्याची भुकटी झूमच्या नळीत जाते. डांबराच्या गोळ्याही नकोत. त्यांची वाफ काचेवरच्या थरावर आणि रबरावर बसते.

बुरशीला ६० टक्क्यांपुढची आर्द्रता, अंधार आणि स्थिर हवा लागते. इगतपुरी-त्र्यंबक पट्ट्यात जून ते सप्टेंबर हे तिन्ही जमून येतं, नाशिक शहरातही कपाटात आर्द्रता तेवढी चढते. उपाय स्वस्त आहे. रबरी कडेचा हवाबंद डबा, आत छोटा आर्द्रतामापक आणि पाव किलो सिलिका जेल. काटा ४० ते ५० च्या मध्ये ठेवा. ३० च्या खाली नेऊ नका, रबर आणि वंगण सुकतं.

जेल नारिंगी घ्या, ओल प्यायल्यावर हिरवं होतं. निळ्यात कोबाल्ट असतं, ते स्वयंपाकघराच्या आसपास नको. पुन्हा वापरताना ११०-१२० अंशांवर दीड-दोन तास तापवायचं, पूर्ण गार झाल्यावरच डब्यात. फोमची कॅमेरा बॅग ओल धरून ठेवते, त्यामुळे बॅगेसकट डब्यात घालायचं नाही. ट्रेकहून आल्यावर कॅमेरा बाहेर पंख्याखाली तासभर, मग डब्यात.

एसी गाडीतून उतरून लगेच लेन्स उघडली की आतबाहेर दव धरतं. उतरण्याआधी वीस मिनिटं एसी बंद, किंवा झिप पिशवीत बंद ठेवून पिशवीतच हवेच्या तापमानाला येऊ द्या. दव पिशवीवर धरतं, काचेवर नाही.

गोदाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं वाचून अशी यादी केली आहे :

कॅनन आर१०, १८-४५ किट लेन्स, आरएफ १००-४००. रेनॉक्स पुढच्या श्रावणाआधी. लॅपटॉप १४ इंची, १.४ किलो, १६ जीबी, ५१२ एसएसडी, १००% एसआरजीबी, टाइप-सी चार्जिंग. एक टीबीची बाहेरची एसएसडी. २५६ जीबीचं एकच कार्ड. कॅमेऱ्याला साधारण साठ टक्के जाताहेत. एम.जी. रोडवर एक जण लेन्स बरीच स्वस्त, पण बिलाशिवाय देतोय.

भिंगकार

यादी चांगली. तीन दुरुस्त्या.

२५६ चं एक कार्ड नको, १२८ ची दोन घ्या. कार्ड मेलं तर अर्धीच सहल जाते. वेगाचा वर्ग व्ही३० पुरतो. आर१० यूएचएस-२ (जास्त वेगाचं) कार्ड घेते, त्याने बफर लवकर रिकामा होतो, म्हणून दोन्हींपैकी एक यूएचएस-२ परवडलं तर बघा. घरी आल्या आल्या एच२टेस्टडब्ल्यू या प्रोग्रामने पूर्ण भरून तपासा. नकली कार्ड २५६ दाखवतं आणि ३२ नंतरचे फोटो कोरे निघतात.

आरएफ १००-४०० सोबत हूड (लेन्सच्या तोंडावरची झापड) येत नाही, वेगळा घ्यावा लागतो. घ्याच. सकाळी पाण्यावरचं तिरपं ऊन अडवतो आणि सॅकमध्ये पुढची काच वाचवतो.

सुटी बॅटरी यादीत नाही. किमान एक, शक्यतो कंपनीचीच.

बिलाशिवाय लेन्स नको. ती बाहेरून आणलेली असली की भारतातली वॉरंटी लागत नाही, आणि नळी अडकली तर पूर्ण खर्च तुमचा. बिलावर बॉडीचा आणि लेन्सचा अनुक्रमांक लिहून घ्या, खोक्यावरचा आणि वस्तूवरचा जुळवा. दुरुस्ती नाशिकला होते की मुंबई-पुण्याला पाठवावी लागते, ते पैसे देण्याआधी विचारा.

संगणकमित्र

वापरलेला लॅपटॉप कुणी गळ्यात मारत असेल तर एवढं बघा : विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची लागते.

नव्यालाही दुकानातच उघडून घ्या. टास्क मॅनेजरमध्ये रॅम किती, किती स्लॉट भरलेत ते दिसतं. क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्राममध्ये एसएसडी किती तास चालली ते दिसतं. नव्या वस्तूत तो आकडा एक-दोन आकडीच हवा. पडद्यावर पूर्ण पांढरं, काळं, लाल, हिरवं, निळं चित्र आळीपाळीने लावून मेलेले ठिपके शोधा.

पाणकावळा

आणि लेन्स तिथल्या तिथे अशी तपासा. बॉडीला लावा, दुकानाबाहेर या, रस्त्यापलीकडच्या पाटीवर ४०० मिमीला फोकस धरा. स्थिरीकरण चालू ठेवून १/१०००, मग १/२५०, मग १/१०० ला पाच-पाच फोटो घ्या. पडद्यावर पूर्ण मोठं करून पाटीची चारही टोकं बघा. एकच बाजू सतत पुसट असेल तर आतली काच तिरकी बसली आहे, दुसरी मागा. १/१००० ला स्पष्ट आणि १/१०० ला पाचही हललेले असतील तर स्थिरीकरण तपासायला सांगा. मग लेन्स खाली तोंड करून धरा, झूम आपोआप घरंगळत नाही ना ते बघा, आणि तेच फोटो त्याच दुकानात तुम्ही निवडलेल्या लॅपटॉपवर उघडा. पाटीचा लाल रंग फोनवरच्या लालशी जुळला की दोन्हींचं बिल एकदमच करा.

गोदाकाठ

शनिवारी सकाळी जातो. फोटो इथेच टाकतो, टोकं तुम्हीही बघा.